होकारांक

ओंजळ रक्तघटक केंद्रात आपण नेमकं काय करतो, हे पद्मजा मगदूमला घरच्यांना समजावून सांगायला जड जायचं. "मेल पाठवते," एवढंच ती सांगायची. खरं तर मेल लिहायचे डॉक्टर आणि पाठवायचं सॉफ्टवेअर. ती कुणाकुणाला जावी, एवढंच पद्मजा ठरवायची. पण मिरजेसारख्या गावात, जिथं चार जिल्ह्यांतले आणि पलीकडं कर्नाटकातलेही पेशंट येऊन पडतात, तिथं हे ठरवणं लहानसहान काम नव्हतं.

ती नोकरीला लागली तेव्हा याद्या हातानं व्हायच्या. 'बी पॉझिटिव्ह, सांगली' अशी एक फाइल, 'ओ निगेटिव्ह, जयसिंगपूर' अशी दुसरी. कुणी गाव सोडून गेलं, कुणी आजारी पडलं, तरी नाव तिथंच. एकदा रक्तदानाची मेल सहा महिन्यांपूर्वी वारलेल्या माणसाला गेली आणि त्याच्या बायकोनं ती उघडली. त्या बाईचा फोन पद्मजानंच घेतला होता. त्यानंतर तिनं हट्टानं सगळ्या याद्या मोडल्या आणि गट थेट डेटाबेसला जोडले.

"यादी लिहून ठेवायची नाही, प्रश्न लिहून ठेवायचा," असं ती नव्यानं आलेल्यांना शिकवायची. म्हणजे असं: रक्तगट अमुक, राहण्याचं ठिकाण वीस किलोमीटरच्या आत, शेवटचं दान इतक्या दिवसांपूर्वी, प्रकृती ठीक. मेल पाठवायचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर त्या क्षणी डेटाबेसकडं जातं, प्रश्न विचारतं, आणि उत्तरात जी नावं येतील तेवढ्यांनाच मेल जाते. काल गटात असलेला माणूस आज नसेल, आज नसलेला उद्या असेल. कुणाला घालायला नको, कुणाला काढायला नको.

आणि आता मेलचंच महत्त्व वाढलं होतं. दुसऱ्याच्या आवाजात बोलणारी यंत्रं घरोघर झाल्यापासून लोकांनी अनोळखी फोन उचलणंच सोडून दिलं होतं. सरकारमान्य शिक्का असलेली मेल तेवढी विश्वासाची राहिली होती. मनगटावरच्या पट्टीवर ती आली की माणसं वाचायची तरी.

मात्र वाचणं वेगळं आणि येणं वेगळं. चार दाते हवे असले तर सहाशे मेल पाठवाव्या लागायच्या, आणि चौथा दाता येईपर्यंत कधीकधी दुसरा दिवस उजाडायचा.

केंद्राचे संचालक डॉ. अच्युत इनामदार एका सकाळी तिच्या टेबलाशी आले ते खुशीतच. "पद्मजाबाई, तुमच्या प्रश्नात एक अट वाढवायची आहे. नवा रकाना येतोय."

त्या रकान्याचं नाव होतं होकारांक. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेनं तो शोधून काढला होता. नकार देताना माणसाच्या मनात एक ओढाताण होते; कुणाच्यात थोडी, कुणाच्यात फार. काही माणसांना ती इतकी सोसवत नाही, की नाही म्हणण्यापेक्षा ते काम करून टाकणं त्यांना सोपं वाटतं. ही ओढाताण मोजता येते, असा त्या शास्त्रज्ञांचा शोध होता. मेल आल्यावर माणूस ती किती सेकंदांत उघडतो, उत्तर लिहिताना कुठं अडखळतो, 'जमणार नाही' असं लिहून किती वेळा पुसतो, त्या वेळी मनगटावरच्या पट्टीला नाडी कशी लागते, या सगळ्यातून शून्य ते शंभर असा एक आकडा निघायचा. ऐंशीच्या वरचा माणूस विचारलं तर येणारच. शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा हे खरं ठरत होतं.

"पण ह्याला लोकांची परवानगी?" पद्मजानं विचारलं.

"दात्यांच्या फॉर्मवर आहे ना कलम. नोंदींचा अभ्यास करू देण्याचं. सगळ्यांनी सही केलीय."

पद्मजानं अट घातली. होकारांक, ऐंशीहून जास्त. पहिल्याच दिवशी पाच मेल गेल्या आणि पाच माणसं आली. पावणेतीन तासांत. कर्करोगाच्या वॉर्डातल्या सिस्टर खाली येऊन विचारून गेल्या, की आज काय जादू झाली. महिनाभरात सरासरी एकतीस तासांवरून तीन तासांवर आली. पद्मजाला स्वतःच्या कामाचा इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता.

त्या पाच जणांत तिची थोरली बहीण होती, हे तिला ठाऊक होतं. त्यात नवल काहीच नव्हतं. सुलोचना उपाध्ये, म्हणजे अक्का, म्हैसाळच्या शाळेत मास्तरीण. वय बावन्न. लग्न केलं नाही, मिरजेत दोन खोल्यांत एकटी राहायची. प्लेटलेट देणाऱ्यांत तिचं नाव पहिल्या वर्षापासून. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी. एका हातातून रक्त काढून यंत्र तेवढ्या वेगळ्या करतं आणि बाकीचं रक्त परत अंगात सोडतं. म्हणून हे दान वर्षातून चोवीस वेळांपर्यंत करता येतं. तास-दीड तास खुर्चीत पडून राहायचं. अक्का तेवढ्यात वह्या तपासायची.

तिच्या प्लेटलेट एका मुलीसाठी खास कामाच्या होत्या. अल्फिया, जतची, एकोणीस वर्षांची. तिची अस्थिमज्जा रक्त तयार करायची थांबली होती. भावाची अस्थिमज्जा जुळत होती, पण अंगातला संसर्ग जाईपर्यंत ती बसवता येत नव्हती. तोवर दर पंधरवड्याला प्लेटलेट. इतक्या वेळा दुसऱ्यांचं रक्त घेतल्यामुळं तिचं शरीर आता कुणाच्याही प्लेटलेट टिकू देत नव्हतं. पेशींवरच्या बारीक खुणा जुळणाऱ्याच चालायच्या. अक्काच्या जुळत होत्या.

वर्ष निघून गेलं. होकारांकाचा रकाना राज्याच्या सामाईक नोंदणीत गेला आणि बाकीच्यांनीही तो उचलला. पाहणीच्या कामाला शिक्षक हवेत, परीक्षेला पर्यवेक्षक हवेत, शिबिराला स्वयंसेवक हवेत, सगळ्यांनी आपापल्या मेलच्या गटात तीच अट घातली. काम होतंय म्हटल्यावर कोण सोडणार? पद्मजाला हे कानावर आलं होतं. तिनं त्यावर विचार केला नव्हता.

जुलैतल्या एका दुपारी म्हैसाळच्या शाळेतून फोन आला. ओळखीचा नंबर, हेडमास्तरांचा. पाहणीच्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन जिना उतरताना उपाध्येबाईंना घेरी आली. सहा पायऱ्या घरंगळत खाली आल्या. मनगट मोडलंय, बाकी शुद्धीवर आहेत.

पद्मजा दवाखान्यात पोचली तेव्हा अक्का प्लास्टर घातलेला हात छातीशी धरून बसली होती आणि शेजारच्या पेशंटच्या मुलाला पाढे विचारत होती.

"काही झालेलं नाही गं. उन्हाचं झालं असेल."

"जुलैत कसलं ऊन, अक्का?"

रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन बरं होतं. दान करण्यापूर्वी तेवढंच तपासतात. अंगातला लोहाचा साठा मात्र तळाला गेला होता. डॉक्टर म्हणाले, "एवढ्या कमी साठ्यावर ह्या चालत होत्या, हेच आश्चर्य. झोप किती घेता, बाई?" अक्का हसली आणि म्हणाली, "घेते की पुरेशी."

दुसऱ्या दिवशी पद्मजानं आपल्या टेबलावर बसून दाता क्रमांक ४४१७ ची सगळी नोंद उघडली. असं घरच्या माणसाचं बघायचं नसतं, हे तिला कळत होतं. प्लेटलेट, तेवीस वेळा. नियमाच्या आत. त्याखाली सामाईक नोंदणीतल्या इतर संस्थांच्या मेल: एका वर्षात एकशे अठरा. पाहणी, पर्यवेक्षण, लसीकरणाची दारोदार फेरी, वाचनालयाची मोजदाद. एकशे अठरांपैकी नकार शून्य. होकारांक सत्त्याण्णव.

मग तिनं, का कोण जाणे, स्वतःचा फोन काढला आणि अक्काला वर्षभरात पाठवलेले आपले निरोप वर सरकवत नेले. 'अक्का, जरा येशील का, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे.' त्या वेळी अक्का तीन आठवडे राहिली होती. 'अक्का, जरा रविवारी घरी थांबशील का, गॅसवाला येणार आहे.' लेकीच्या शाळेसाठी, 'अक्का, जरा ऋतुजाचा प्रोजेक्ट...' मोजायचे नाहीत असं ठरवूनही तिनं मोजले. 'अक्का, जरा' असे एकसष्ट निरोप होते. नवऱ्याला, रावसाहेबांना, यातली अर्धी कामं जमली असती. त्यांना तिनं विचारलंच नव्हतं. ते 'बघतो' म्हणतात, म्हणून.

तिनं गटाच्या प्रश्नात आणखी एक ओळ लिहिली: दाता क्रमांक ४४१७ सोडून. आणि जतन केलं.

दोन दिवसांनी अल्फियाच्या प्लेटलेट उतरल्या. वॉर्डातून मागणी आली, पद्मजानं बटण दाबलं. पडद्यावर एक ओळ उमटली: गटात कुणीही नाही.

ती एकेक अट काढून बघू लागली. अंतराची अट काढली, कुणी नाही. होकारांकाची अट काढली, आणि दोन नावं पुढं आली. महादेव कोष्टी, मिरज, होकारांक अकरा. निनाद प्रभुदेसाई, कोल्हापूर, होकारांक तेवीस. दोघांच्याही पेशींच्या खुणा अल्फियाशी जुळत होत्या. दोघं चार वर्षांपासून नोंदणीत होते. दोघांनाही तेरा महिन्यांत एकही मेल गेली नव्हती.

तिला यंत्रातली मेख तेव्हा कळली, आणि ती इतकी साधी होती की आधी का दिसली नाही याची लाज वाटली. ज्याचा आकडा कमी, त्याला विचारायचं नाही. विचारलं नाही म्हणून त्याला हो म्हणायची वेळच येत नाही. हो म्हटलं नाही म्हणून आकडा खालीच राहतो. आणि ज्याचा आकडा वर, त्याला पुन्हा पुन्हा विचारायचं, तो पुन्हा पुन्हा येतो, आकडा आणखी वर चढतो. त्या शास्त्रज्ञांनी जे मोजलं ते खोटं नव्हतं. पण ज्यांना विचारलंच नाही त्यांच्याबद्दल त्या आकड्याला काहीच ठाऊक नव्हतं.

तिनं दोघांना मेल पाठवली. उत्तराची वाट बघत बसण्यापेक्षा ती कोष्टींचं दुकान गाठायला निघाली. मार्केट यार्डाच्या मागं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. तांब्याच्या तारांची भेंडोळी, वार्निशचा वास. महादेव कोष्टी चाळिशीच्या आतबाहेरचा, कपाळावर चष्मा चढवलेला माणूस. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं, हातातली तार गुंडाळणं न थांबवता.

"मेल आली म्हणता? पट्टी तिकडं खुंटीला आहे. काम करताना घालत नाही, करंट असतो." मग तो म्हणाला, "मला वाटलं, माझं रक्त तुम्हाला चालत नाही."

"असं का वाटलं?"

"कुणी विचारलंच नाही की. सव्वा वर्षामागं शेवटच्या दोन मेल आल्या. पहिलीच्या वेळी बायको बाळंतपणाला दवाखान्यात. दुसरीच्या वेळी पोरगी आठ दिवसांची, काविळीनं पेटीत ठेवलेली. मी नाही म्हणून कळवलं. परत कुणाचा पत्ता नाही. म्हटलं, गेलं असेल नाव." तार गुंडाळून झाली. तो उठला, हात पुसले. "किती वेळ लागतो? सहाला एक पंप द्यायचाय."

तो तिच्या स्कूटरच्या मागं बसून आला. प्रभुदेसाईकडून मात्र उत्तर नाही. मेल उघडलीसुद्धा नव्हती.

महिन्याभरानं, प्लास्टर निघाल्यावर, अक्का स्वतःच केंद्रात आली. लोहाच्या गोळ्यांनी चेहऱ्यावर थोडी कळा आली होती. पद्मजाच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसली आणि पर्स मांडीवर ठेवली.

"पद्मा, मला मेल येईना झालीय. ती जतची पोरगी बरी आहे ना? मला नाही नाही ते सुचायला लागलं."

"बरी आहे. दुसरा दाता मिळालाय."

"मग मला का नाही?"

पद्मजानं क्षणभर काहीतरी सारवासारव करायचा विचार केला. पण अक्कासमोर खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. "मी तुझं नाव काढलंय."

"काढलंस? मला न विचारता?"

"अक्का, तू जिन्यावरून पडलीस! अंगात लोह नव्हतं तुझ्या."

"ते मला सांगायचं. मी थांबले असते."

"थांबली नसतीस." आणि पद्मजाच्या तोंडून निघून गेलं, "तुझा आकडाच तसा आहे."

मग सगळंच सांगावं लागलं. होकारांक म्हणजे काय, तो कसा काढतात, कोण कोण वापरतं. अक्का मुलांचं ऐकावं तसं शांतपणे ऐकत होती.

"माझा किती?"

"सत्त्याण्णव."

बाहेर कुणीतरी पाण्याचा जार उतरवत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"मला वाटायचं," अक्का म्हणाली, "मी करते हे सगळं. तिथं पडल्यापडल्या मनात यायचं, की आपल्या हातून एक चांगलं काम होतंय. आता तू सांगतीस की ते मी केलंच नाही. मला नाही म्हणता येत नाही, हे कुणीतरी ओळखलं, आणि करून घेतलं. मग त्यातलं माझं किती, पद्मा?"

पद्मजा म्हणाली, "मीसुद्धा तेच केलं. आकडा नव्हता तेव्हापासून."

"ते मला माहीत आहे," अक्का म्हणाली. रागानं नाही, अगदी साधं. पर्स उचलून उभी राहिली. "माझं नाव परत घाल. काढायचं असेल तर मी काढायला सांगेन."

पंधरा दिवस तिनं फोन केला नाही आणि पद्मजाचाही करायला धीर झाला नाही. असा अबोला दोघींत आयुष्यात पहिल्यांदाच होता.

त्या पंधरा दिवसांत पद्मजानं नवा प्रश्न लिहिला. होकारांकाची अट काढून टाकली, आणि अल्फियासारख्या दुर्मिळ जुळणीसाठी अंतराचीही. त्याऐवजी, ज्याला सगळ्यांत कमी वेळा विचारलं गेलंय त्याचं नाव आधी. दोन दानांत चौदा दिवसांचं अंतर, आणि अपवाद करायचाच झाला तर दात्यानं आपण होऊन म्हटल्यावर. लोहाचा साठा दर तीन महिन्यांनी तपासायचा. छापील कागद करून तिनं तो इनामदारांसमोर ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "तीन तासांचे सात होतील. कदाचित आठ."

"होतील."

"आठ तासांत पेशंट जाऊ शकतो, पद्मजाबाई. तुमच्या बहिणीचं मनगट मोडलं, मला वाईट वाटलं. पण ते मनगट आहे."

"सर, अल्फियाच्या गटात एकच नाव उरलं होतं. यंत्रानं बाकीची दोन झाकून ठेवली होती. अक्का पडली त्या दिवशी तुमचा तीन तासांचा आकडा शून्य दात्यांवर उभा होता."

इनामदारांनी कागद तिसऱ्यांदा हातात घेतला. माणूस वाईट नव्हता. एकतीस तासांचे दिवस त्यांनी वॉर्डात उभं राहून पाहिले होते. "तीन महिने," ते शेवटी म्हणाले. "तीन महिने करून बघा. कुणाचं बरंवाईट झालं तर उत्तर दोघांनी द्यायचं."

कोष्टी नियमानं येऊ लागला. अक्काला मेल जाऊ लागली, इतरांसारखी, पाळी आली की. ती दोनदा आली, आणि एकदा 'या आठवड्यात नको' असं कळवलं. इतर संस्थांच्या गटांवर पद्मजाचा काही अधिकार नव्हता, पण पाहणीच्या कामालाही अक्कानं एकदा नकार दिला, असं हेडमास्तरांकडून कळलं. फोन सुरू झाले होते. थोडे जपून, थोडे तुटक. पद्मजा आता 'अक्का, जरा' लिहायची आणि पुसून रावसाहेबांना सांगायची. ते 'बघतो' म्हणायचे आणि बहुतेक वेळा करायचेही.

ऑक्टोबरच्या सुट्टीत अक्का शाळेतल्या चार बायकांबरोबर बदामी आणि हंपी बघायला निघाली. चार दिवसांची सहल. बसनं, सकाळी दहाला.

साडेदहाला वॉर्डातून मागणी आली. अल्फियाला ताप चढला होता. कालच दिलेल्या प्लेटलेट तापात संपल्या होत्या आणि नाकातून, हिरड्यांतून रक्त येत होतं. आज संध्याकाळच्या आत हव्या होत्या. काल देणारा कोष्टी होता. अठ्ठेचाळीस तासांच्या आत पुन्हा घेणं त्याच्या जिवाला बरं नव्हतं. पुण्याच्या केंद्राकडं विचारणा केली, तिथं जुळणारं कुणी नव्हतं. पद्मजानं बटण दाबलं. गटात दोन नावं: प्रभुदेसाई आणि अक्का.

अकरा वाजता अक्काचं उत्तर आलं: 'आज जमणार नाही.' प्रभुदेसाईची मेल न उघडलेली.

पद्मजानं त्याला पुन्हा पाठवली. नोंदणीत तो कोल्हापूरच्या एका बँकेत असल्याचं लिहिलं होतं. तिनं त्या बँकेच्या शाखांचे नंबर शोधले आणि एकेका शाखेला फोन लावायला सुरुवात केली. अनोळखी नंबर, कुणी उचलत नव्हतं. जे उचलत ते तिचा आवाज खरा आहे की यंत्राचा याचीच आधी शंका घेत.

सव्वाबाराला इनामदार आले. "तुमच्या बहिणीला फोन करा."

"तिनं नाही म्हटलंय."

"तिला कळलं नसेल किती गंभीर आहे ते. तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील त्या."

"ऐकेल," पद्मजा म्हणाली, "म्हणूनच करत नाही."

तिच्या हातातला फोन तेवढ्यात वाजला. अक्काच होती. मागं बसस्टँडचा गोंगाट.

"पद्मा, आम्ही अथणीला आहोत. चहाला थांबलोय. ती जतची पोरगीच आहे ना?"

"हो."

"मी नाही म्हणून कळवलं खरं, पण मला बसवेना झालंय. उतरू का? दोन तासांत पोचेन."

इनामदार समोर उभे होते. पद्मजानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. एक शब्द बोलला की काम होणार होतं. अक्कानं स्वतः फोन केला होता, तिनं स्वतः विचारलं होतं. हो म्हणायला सगळी मुभा होती. आणि वर त्या खाटेवर एक मुलगी होती, जिच्या आईला पद्मजा रोज जिन्यात भेटायची.

"दुसरं कुणी मिळालं का?" अक्का विचारत होती.

"अजून नाही. एक जण आहे कोल्हापूरचा, त्याला शोधतेय." तिनं शाखांची यादी बाजूला सारली. "अक्का, तुला काय करायचंय? माझ्यासाठी नाही, तिच्यासाठीही नाही. तुला काय हवंय ते सांग."

पलीकडं कंडक्टरनं हाका मारलेल्या ऐकू आल्या.

"मला बदामी बघायचीय," अक्का म्हणाली. "तीस वर्षं मुलांना शिकवतेय गं. एकदाही बघितली नाही."

"मग जा."

"आणि ती पोरगी?"

"ते माझं काम आहे. मी करते. तू बसमध्ये बस."

"बरं," अक्का म्हणाली, आणि फोन ठेवला.

इनामदार खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले, दुसऱ्या टेबलावरचा फोन घेतला आणि शाखांच्या यादीचा खालचा अर्धा भाग स्वतःकडं ओढला.

दीड वाजला. दोन वाजले. वरून सिस्टर दोनदा विचारून गेल्या. पावणेतीनला राजारामपुरीतल्या शाखेत एका शिपायानं फोन घेतला. प्रभुदेसाईसाहेब? आहेत की, कर्जविभागात. मग एक तरुण, वैतागलेला आवाज.

"कोण बोलतंय? तुम्ही खऱ्या आहात कशावरून?"

"तुमच्या मनगटावर शिक्क्याच्या तीन मेल पडल्यात. त्या उघडून बघा. मी फोन धरते."

"मी मेल उघडत नाही. दिवसाला दोनशे येतात." तो वाचत असावा. "एकोणीस वर्षांची?"

"हो."

"कॉलेजात असताना नाव दिलं होतं मी. मित्रांबरोबर, एका शिबिरात. विसरूनच गेलो होतो." त्यानं आवाज खाली आणला. "मला सुईची फार भीती वाटते. खरंच सांगतो."

"वाटते बऱ्याच जणांना. तुम्ही नाही म्हणू शकता. पण मला लगेच सांगा, म्हणजे मी दुसरं काही बघेन."

दुसरं काहीच नव्हतं. इनामदारांनी डोळे मिटून घेतले होते.

"किती वाजेपर्यंत यावं लागेल?" त्यानं विचारलं.

चार वाजून दहा मिनिटांनी तो आला, हेल्मेट हातात घेऊन, चेहरा पांढराफटक. सुई लागताना त्यानं पद्मजाचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बोटांत अंगठी रुतली. मग त्याला बरं वाटू लागलं आणि तो खुर्चीत पडल्यापडल्या आपल्या साहेबाला मेल लिहू लागला. सहाच्या सुमाराला पिशवी वर गेली. सातला हिरड्यांचं रक्त थांबलं. मागणीपासून पिशवी वर पोचेपर्यंत साडेसात तास लागले होते. पद्मजानं तो आकडा नोंदवहीत जसाच्या तसा लिहिला.

घरी निघताना ती वर वॉर्डात गेली. अल्फिया झोपली होती. तिची आई, मुमताजबी, बाकावर बसून डब्यातली भाकरी मोडत होती. पद्मजाला बघून तिनं सरकून जागा केली.

"आज कुणी दिलं, ताई?"

"कोल्हापूरचा एक मुलगा आहे. बँकेत असतो."

"लई उपकार झाले त्याचे." तिनं तुकडा हातातच धरला. "आणि त्या मास्तरीणबाई? वह्या घेऊन यायच्या त्या. लई दिवस दिसल्या न्हाईत. बऱ्या हायत न्हवं?"

"बरी आहे. फिरायला गेलीय. बदामीला."

मुमताजबीचा चेहरा उजळला. दिवसभर रडून सुजलेले डोळे आणि त्यात ते हसू.

"बरं झालं," ती म्हणाली. "जाऊ दे की त्यांना पण."

आणि तिनं अर्धी भाकरी पद्मजापुढं केली. सकाळपासून पद्मजाच्या पोटात काही नव्हतं. तिनं ती घेतली.